कारखान्याचे दार आणि बाहेरचा रस्ता : जबलपूरची फोर-व्हील वाहने व आपली जबाबदारी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू, वाचनालय असे अनेक विषय मनात येऊन गेले. त्यांवर लिहिणारे अधिकारी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून प्रस्तुत लेखकाने एक वेगळाच विषय निवडला आहे. तो आपल्या भाकरीशी निगडित आहे आणि, सांगावयास खेद होतो, आपल्यातील काही घरांच्या दुःखाशीही निगडित आहे. जबलपूरने देशाला जी चारही चाकांना ओढ असलेली वाहने दिली, ज्यांस आपण सरसकट ‘फोर-व्हील’ म्हणतो, त्यांचा इतिहास आणि त्या निमित्ताने रस्त्यावरील जबाबदारीचा विचार, असे या लेखाचे स्वरूप आहे.

खमरियात ज्यांनी नोकरी केली त्यांना कारखान्याच्या दारावरील झडती ठाऊक आहे. जेथे स्फोटक द्रव्यांचे काम चालते तेथे जाणाऱ्याने काडेपेटी, विडी, लायटर यांपैकी काहीही जवळ बाळगावयाचे नाही, खिळ्यांचे जोडे घालावयाचे नाहीत, हा नियम कामगारापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना सारखाच. त्याचा कोणाला कधी अपमान वाटला नाही. एकाच्या खिशातील एका काडीने शेजारच्या दहा जणांचा जीव जाऊ शकतो, हे प्रत्येकाला पटलेले होते. परंतु तोच माणूस संध्याकाळी भोंगा झाल्यावर त्याच दारातून बाहेर पडला, की स्कूटरवर तिघांना घेऊन, डोक्यावर काही न घालता, भरधाव निघे. आतली शिस्त तो जणू काडेपेटीच्या बदल्यात दारावर ठेवून येत असे. हे असे का व्हावे, हा प्रश्न मला आयुष्यभर छळीत आला आहे.

कारखान्यांचे गाव

जबलपूरचा लष्करी कारखान्यांशी संबंध जुना आहे. तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, येथे १९०४ साली निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६९ साली वाहन निर्माणी, आपल्या बोलण्यातील ‘व्हेईकल फॅक्टरी’, स्थापन झाली. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे विदर्भातील माणसाला जबलपूर परके नव्हते. पुढे खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव येथील कारखान्यांतूनही बदलीवर माणसे येत राहिली. आपले मंडळ उभे राहिले ते या स्थलांतरातून, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको.

रस्त्यावरील प्रवाशाच्या सुरक्षिततेचा प्रश्नही या शहराला नवा नाही. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपुराकडे जाणारा मार्ग म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांना जोडणारी मोठी वाट. १८३० च्या दशकात कर्नल स्लीमन यांनी ठगांविरुद्ध जी मोहीम चालविली तिचे मुख्य ठाणे जबलपूरच होते. ठगीच्या कथांत सत्य किती आणि इंग्रज अंमलदारांची अतिशयोक्ती किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि, वाटेवर निघालेला माणूस सुखरूप घरी पोहोचावा ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे, हा विचार त्या मोहिमेतून या प्रदेशात रुजला, असे म्हणावयास हरकत नाही. आज त्या वाटेवर रुमालाचा फास घेऊन कोणी बसलेला नाही. प्रवाशाला आता भय आहे ते वेगाचे, आणि तो वेग आपण स्वतःच्या हाताने चालवितो.

जीप ते जोंगा

चारही चाकांना इंजिनाची ओढ देण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रत्यक्षात आली होती. परंतु तिचा प्रसार झाला तो १९४१ ते १९४५ या युद्धकाळातील अमेरिकन जीपमुळे. चिखल, वाळू, डोंगर कशालाही न जुमानणारी ही लहानशी गाडी सहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. युद्ध संपल्यावर तिने शेते, जंगले आणि खेडी यांची वाट धरली. आपल्याकडे १९४९ साली मुंबईच्या माझगावात महिंद्रांच्या कारखान्यात जीपची जुळणी सुरू झाली. महाराष्ट्रातील मामलेदार, वनाधिकारी, साखर कारखान्याचे अध्यक्ष आणि निवडणुकीचे उमेदवार यांचे जीपशी जे नाते जडले त्याचे मूळ येथे आहे.

जबलपुरात या इतिहासाचा दुसरा अध्याय लिहिला गेला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, ‘मान’ या जर्मन कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रकचे उत्पादन येथील गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाले. हाही चारही चाकांना ओढ असलेला ट्रक. १९६२ च्या चिनी आक्रमणाने डोंगरी सीमेवर अशा वाहनांची केवढी गरज आहे हे देशाच्या ध्यानी आले. जपानच्या निस्सान कंपनीकडून एक टनी ट्रक आणि ‘पेट्रोल’ या नावाची जीपवजा गाडी यांचे परवाने घेण्यात आले व वाहन निर्माणी सुरू झाल्यावर हे सारे काम तिकडे गेले. निस्सानच्या या लहान गाडीला नाव मिळाले ‘जोंगा’. पुष्कळांना हा एखादा जपानी शब्द वाटतो. वस्तुतः ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ यातील इंग्रजी आद्याक्षरांपासून ते नाव झाले आहे. जगात इतकी वाहने धावतात, पण ज्यांच्या नावातच आपल्या गावाचे नाव दडले आहे अशी वाहने किती?

सुमारे चार लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पोलादी पट्ट्यांच्या कमानी, मागे समोरासमोर बाके आणि वर कॅनव्हासचे छत, अशी ही दणकट गाडी. जवळजवळ तीन दशके ती सैन्याच्या सेवेत दिसत होती. पुढे अधिक हलकी व कमी इंधन पिणारी वाहने आली, ‘शक्तिमान’चे उत्पादन १९९६ साली थांबले आणि शतक संपता संपता जोंगाही बंद झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली. त्यात खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला, तर वाहन निर्माणी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. पाट्या बदलल्या. परंतु ज्या हातांनी जोंगाचे नटबोल्ट आवळले ते हात अजून आपल्यात आहेत.

ओढ आणि थांबणे

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या पुष्कळ गैरसमजांचे मूळ तेथे आहे. चारही चाकांना ओढ मिळाल्याने काय साधते? चिखलात दोन चाके गरगर फिरू लागली तरी उरलेली दोन गाडी पुढे नेतात. चढावर पकड वाढते. एवढेच. गाडी थांबविण्याच्या कामी या ओढीचा काही लाभ नाही. ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांवर असतात. ओल्या डांबरावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी फोर-व्हील गाडी साध्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. जड असल्यास आणि टायर चिखलासाठी बनविलेले जाड नक्षीचे असल्यास उलट उशिराच थांबेल. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २० मीटर जाते, आणि संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढा काळ सहज निघून जातो.

दुसरी गोष्ट कलंडण्याची. खाचखळग्यांतून जाता यावे म्हणून अशी गाडी जमिनीपासून उंच ठेवावी लागते. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य वर जातो. डाव्या व उजव्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागिले असता जो अंक येतो त्यावरून गाडीचे स्थैर्य अजमावता येते. अंक जितका लहान तितकी ती उलटण्याचा धोका अधिक. अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा खाते २००१ च्या मॉडेलांपासून हा अंक धरून गाड्यांची प्रतवारी जाहीर करू लागले. टपावर दोन ट्रंका व गाद्यांची वळकटी बांधली, की हाच अंक आपण स्वतः आणखी खाली आणतो.

तिसरी गोष्ट जुन्या जीप व जोंगा यांच्याविषयी. त्यांत पुढील व मागील आसांना जोडणारा दांडा एकदा गुंतविला, की दोन्ही आस सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढील चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून ही तफावत भरून निघते. कोरड्या डांबरावर तसे होत नाही. स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि गाडी हवी तशी वळत नाही. म्हणून पक्क्या रस्त्यावर येताच पुढील ओढ सोडावयाची, हा सैन्यातील चालकाला शिकविलेला पहिला धडा होता.

या संदर्भात अमेरिकन सैन्याच्या ‘एम १५१’ या जीपचा इतिहास बोधप्रद आहे. १९६० च्या सुमारास ती सेवेत दाखल झाली. तिच्या मागील चाकांची जोडणी अशी होती, की वेगात वळताना चाक आतल्या बाजूस मुडपे आणि गाडी उलटे. पुढे तीत सुधारणा झाल्या, चालकांना खास शिक्षण देण्यात आले, डोक्यावर संरक्षक सांगाडाही बसविण्यात आला. परंतु सर्वांत महत्त्वाचा निर्णय निराळाच होता. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी धोक्याची आहे असे ठरल्यामुळे सेवेतून निघालेल्या गाड्या सामान्य नागरिकांना सबंध विकण्यात आल्या नाहीत. त्या कापून तुकडे करून भंगारात काढण्यात आल्या. वस्तू आपल्या दारातून बाहेर गेली म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व यात मान्य झाले.

आपली जोंगा सरळ, अखंड आसांची असल्यामुळे तिला तो विशिष्ट दोष नव्हता. तरीही विचार करण्याजोगी गोष्ट ही, की सैन्यात असताना प्रत्येक गाडीभोवती एक शिस्त होती. नेमलेला चालक, कार डायरी, ठरलेली माणसे व ठरलेला बोजा, मागे रंगविलेली वेगमर्यादा, वेळेवर तपासणी. लिलावात गाडी विकली गेली तेव्हा घेणाऱ्याला इंजिन मिळाले, चाके मिळाली. ही शिस्त लिलावात नव्हती.

कुरईच्या घाटात

आता एक आठवण सांगतो. ती लिहावी की न लिहावी, याचा मी बराच विचार केला. मंडळाच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. आपल्यापैकी एकाच्या लग्नासाठी आम्ही मंडळी नागपूरला निघालो होतो. कोणा परिचिताने लिलावात घेतलेली जुनी गाडी मिळाली. गाडीत माणसे बसविण्याचे काम माझ्याकडे होते. बारा जण दाटीवाटीने बसले. टपावर ट्रंका चढल्या. तेवढ्यात एक तरुण सहकारी सायकल टाकून धावत आला. चालक म्हणाला, “आता जागा नाही.” मी म्हणालो, “अहो, बसू द्या, एक मावेल.” तो मागच्या फळीवर, अर्धा आत अर्धा बाहेर, असा बसला.

शिवनी मागे टाकून कुरईच्या घाटाचा उतार लागला तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता. कोणीतरी वेग कमी करण्याविषयी सुचविले. चालक हसून म्हणाला, “फोर-व्हील टाकली आहे, काळजी नको.” आम्हा सर्वांनाच ते पटले, आम्ही तर तसल्या गाड्या बनविणाऱ्या गावचे! पुढच्या वळणावर समोरून ट्रक आला, ब्रेक लागला, गाडी आडवी घसरली आणि कलंडली. बारा जणांना खरचटले, दोघांचे हात मोडले. मागच्या फळीवरचा तो बाहेर फेकला गेला. तो परत आला नाही.

पुढे सर्वांनी चालकाला दोष दिला. कोणी गाडीला दिला, कोणी घाटाला, कोणी पावसाला. माझ्या “एक मावेल” या दोन शब्दांची आठवण कोणी काढली नाही. मीही काढली नाही. ज्या माणसाने तीस वर्षे दारावर काडेपेटी ठेवून आत पाऊल टाकले, त्याने त्या दिवशी गाडीत तेरावा माणूस कसा बसविला, याचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

कायदा आणि आपण

रस्त्यावरील जबाबदारी ही कायद्यात हळूहळू उतरत गेली आहे. आपल्या देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा. त्या दुसऱ्या कायद्यान्वये, १ जुलै १९४६ पासून, गाडीमुळे इजा होणाऱ्या तिऱ्हाइताच्या भरपाईसाठी विमा सक्तीचा झाला. रस्त्यावर गाडी काढणारा अनोळखी माणसालाही देणे लागतो, हे त्यातील सूत्र. १९८८ च्या कायद्याने अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य ठरविले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड अशी तरतूद केली.

यंत्रशास्त्रानेही आपला वाटा उचलला. तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला आणि कंपनीने तो सर्वांना वापरू दिला. उंच गाड्यांच्या कलंडण्यावर मोठा उतारा ठरली ती घसरणाऱ्या गाडीचे एकेक चाक आपोआप आवरणारी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलांपासून सर्व लहान वाहनांना सक्तीची झाली. आपल्याकडे गाड्यांच्या धडक-चाचणीची ‘भारत एनकॅप’ ही प्रतवारी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. वाहनांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली, ‘एआरएआय’ आणि अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, लष्करी वाहन संशोधन संस्था यांचे कार्य मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे.

परंतु आकडे काय सांगतात? २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, तर १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी महागडी व उंच बांध्याची होती. पुढील आसनांवरील दोघे वाचले; मागील आसनांवरील दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते असे पोलीस तपासात आढळले. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही, ही आपल्या समाजातील फार जुनी समजूत आहे. माझ्या त्या सहकाऱ्याची जागाही मागचीच होती.

आज आपल्या वसाहतीतील तरुण पिढी पुणे, बंगळूर, नागपूर येथे चांगल्या नोकऱ्या करते आणि सुट्टीत उंच, भारदस्त फोर-व्हील गाड्या घेऊन घरी येते. पाहून आनंद होतो. परंतु एवढे ध्यानी असावे, की अशा गाडीत बसलेल्याला जितके सुरक्षित वाटते तितका बाहेर चालणारा सुरक्षित नसतो. उंच बोनेटची धडक पायांऐवजी छातीला बसते, आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने गाड्यांपुढे लावावयाच्या लोखंडी कठड्यांविरुद्ध पावले उचलण्यास राज्यांना सांगितले, त्याचे कारणही हेच. जो अधिक बलवान त्याने अधिक जपून वागावे, हा साधा धर्म आहे, आणि तो वाहनालाही लागू आहे.

सुवर्णमहोत्सव हा गतकाळाचा गौरव करण्याचा प्रसंग, तसाच पुढील वाटचालीचा संकल्प करण्याचाही. माझी मंडळाला एक नम्र विनंती आहे. ग्वारीघाटावर विसर्जनाला जाणारी गाडी असो, सहलीची बस असो, की लग्नाचे वऱ्हाड असो. निघण्यापूर्वी आपल्यापैकी एकाने माणसे मोजावीत, प्रत्येकाचा पट्टा पाहावा, टपावरचे ओझे उतरवावे, आणि जागा भरली की “आता मावणार नाही” असे स्पष्ट सांगावे. पुढच्या गाडीने आलेला पाहुणा थोडा उशिरा पोहोचेल, एवढेच. जबलपूरच्या कामगाराने चाकांना ओढ दिली. आता खमरियाच्या दारावरील ती शिस्तही त्याने आपल्याबरोबर रस्त्यावर न्यावी. काडेपेटी दारावर ठेवावी, शिस्त मात्र ठेवू नये.